दोन पावलांचा शब्द

शिक्षण किती, असं कुणी विचारलं की मी ‘सातवी’ म्हणते आणि गप्प बसते. विचारणारा थोडा वेळ वाट बघतो. आता ही बाई परिस्थितीचं सांगेल, डोळ्याला पदर लावेल, असं त्याला वाटत असतं. मी तसलं काही करत नाही. हळहळायचं काम मी विचारणाऱ्यावर सोडलंय.

आमचं गाव लोहाऱ्याकडचं. माझी सातवी झाली त्या वर्षी दुष्काळ पडला. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीच्या कामावर पाझर तलावाची माती उपसायला गेले आणि जाण्याआधी घरातली तोंडं वाटली गेली. धाकटे दोघे मायबरोबर कामावरच्या पालात, थोरला भाऊ ऊसतोडीच्या टोळीत, आणि मी मावशीकडं, पार वाशीच्या बाजूला. जिल्हा एकच, पण मला मुलूख वेगळा वाटला. जीप झाली, एसटी झाली, दुसरी एसटी झाली, तरी गाव येईना. दादांनी मला मावशीच्या दारात सोडलं, तांब्याभर पाणी प्याले आणि तसेच परतीच्या गाडीला लागले. जाताना एवढंच म्हणाले, “मावशीला जड होऊ नको.” ते काही रागानं म्हणाले नव्हते. पण मी ते वाक्य वर्षभर उरावर घेऊन हिंडले. भाकरी वाढली की वाटायचं, ही जास्तीची तर नाही? मावशी दुसऱ्यांदा आमटी घालायला आली की मी ताटावर हात धरायची. तिला मी ‘तुमी’ म्हणायची. दोन-तीनदा तिनं ऐकून घेतलं आणि मग पळी हातात धरूनच म्हणाली, “मी काय तलाठीण हाय का गं? मला तू म्हण. आन् हात काढ ताटावरचा, न्हायतर हातावर वाढीन.”

मावशीचं नाव गयाबाई. आवाज खणखणीत, चालणं तरातरा, आणि भांडायचं असलं की आधी पदर खोचायची, म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळायचा. तिला मूल नव्हतं. तिच्याकडं एक म्हैस होती, तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, दिलेल्या पारडीची झालेली. काका फौजेतून परत येऊन साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले होते. ड्युटीवरून येताना सायकलला उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, भारा बांधून आणायचे, त्यामुळं गावातल्या म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या तरी आमची म्हैस दूध देत राहिली. घर पत्र्याचं, बौद्धवाड्याच्या कडेचं. गावातले लोक बौद्धवाड्याला अजून जुन्याच नावानं बोलवायचे आणि मावशी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायची. सकाळी जाग यायची ती धारांच्या आवाजानं. रिकाम्या बादलीत पहिल्या धारा टणटण वाजायच्या, मग हळूहळू आवाज जाड होत जायचा. दुपारी तेरखेड्याच्या अंगानं फटाक्यांचे बार ऐकू यायचे, तिथले फटाक्यांचे कारखानदार माल तपासून बघायचे. पहिल्यांदा ऐकून मी दचकले तशी म्हैसही दचकली. पुढं आम्ही दोघी सरावलो. खाणं म्हणजे हुलग्याचं माडगं, येसराची आमटी, भाकरी, आणि कधी मधी काका कारखान्यावरून आणायचे तो काळा गूळ. दूध घरात असून घरातलं नव्हतं. चहापुरतं पळीभर ठेवून बाकी सगळं डेअरीला.

काकांकडं एक डिक्शनरी होती. जबलपूरच्या छावणीतून आणलेली, पुठ्ठा गेलेला, आणि शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. त्यामुळं आमच्या घरात झेब्रा नव्हता. काकांची शाळा माझ्यापेक्षाही कमी झालेली, पण फौजेत त्यांना इंग्रजी कवायतीतून आलं होतं, आणि त्यांचं ठाम मत होतं की शब्द आधी पायांना कळतो, मग तोंडाला. दिवेलागणीच्या आधी अंगणात ते मला उभं करायचे. डिक्शनरीत प्रत्येक शब्द मध्ये टिंबं देऊन तोडलेला असायचा. टिंब आलं की पाऊल बदलायचं. “कॅन” एका पायाचा शब्द, लंगडी घालत जातो. “सोसायटी”ला चार पावलं. “को-ऑपरेटिव्ह” म्हणेपर्यंत आमचं अंगण संपायचं आणि शेवटचं पाऊल शेणाच्या ढिगात पडायचं. वाड्यातली पोरं अंगणाच्या भिंतीवर बसून हसायची. शब्दाच्या पुढं कंसात त्याचा उच्चार असायचा, त्यात एक उलटा इंग्रजी ई, डोकं खाली पाय वर केलेला. आणि सगळ्यात शेवटी चौकोनी कंसात शब्दाचं मूळ गाव. काका त्याला मूळ गावच म्हणायचे. “ह्यो फ्रान्सवरनं आलाय, आन् त्याच्या आधी रोमात व्हता. तू एक लोहाऱ्यावरनं आलीस तर केवढं रडतीस.”

मी रडत नव्हते. पण ते ऐकून बरं वाटायचं. माझ्या बोलण्यातल्या कानडी हेलाला पोरं चिडवायची, आणि इथं तर सगळी डिक्शनरीच परगावची निघाली.

मेंबर हा शब्द मात्र आम्ही डिक्शनरीतून शोधून काढला नाही, तो डेअरीवरून घरात आला. आता ती डेअरी सांगायला हवी. गावात दूध सोसायटी होती. पाटलाच्या आळीला एक खोली, पुढं ओटा, ओट्याला दोन पायऱ्या. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन यायचे, बब्रुवान नावाचा सेक्रेटरी ते मापून घ्यायचा, काचेची नळी बुडवून डिग्री, म्हणजे दुधाचा घट्टपणा, बघायचा, आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायचा. मग वाशीच्या बाजूनं गाडी येऊन कॅन शीतकरण केंद्रावर न्यायची. बौद्धवाड्यातून सहा-सात घरांचं दूध जायचं. आमच्यासाठी एक वेगळा कॅन होता. त्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली. तो ओट्यावर नसायचा, खालच्या पायरीवर असायचा. गावाचं सगळं झालं की आम्ही आमचं दूध आमच्या हातानं त्यात ओतायचं, बब्रुवाननं वरूनच बघायचं, आणि नळी शेवटी आमच्यात बुडवून मग धुऊन ठेवायची. हे कुणी ठरवलं होतं, कुठं लिहिलं होतं, असं मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, “लिवायची गरज पडती तवा लोक लिवत्यात. ह्याला गरज न्हाय पडली.”

आणि आम्ही कुणीच सोसायटीचे मेंबर नव्हतो. दूध चालायचं, नाव चालायचं नाही. मेंबर व्हायला फॉर्म लागायचा आणि आमचं कुणी गेलं की फॉर्म संपलेले असायचे. मावशी गेली तेव्हा संपलेले, शेजारची सखूबाई गेली तेव्हा संपलेले, काका फौजेचा कोट घालून गेले तेव्हासुद्धा संपलेले. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं आणि लोक त्यावर हसून घ्यायचे. पण त्या दुष्काळात सोसायटीला जनावरांसाठी सवलतीची पेंड आली, आणि ती फक्त मेंबरला. कारखान्याचा हंगाम आटपत आला होता. ऊस संपला की वाढं संपणार होतं. वाढं संपलं की म्हशीपुढं काय टाकायचं, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, पण मावशी गोठ्यात जरा जास्त वेळ उभी राहायची. दूध बंद झालं तर त्या घरात एक तोंड जास्तीचं होतं, आणि ते कुणाचं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी काकांनी मला ‘एम’ची पानं उघडायला लावली. शब्द सापडला. मध्ये एकच टिंब. मेम्, डावा पाय. बर, उजवा पाय. पहिल्या तुकड्यावर छोटी उभी रेघ, म्हणजे जोर तिथं. मी दणकन डावा पाय आपटला आणि “मेम्-बर्र” म्हणाले.

“बर्र न्हाय,” काका म्हणाले. “बर्र म्हणाया तू काय फटफटी हायस? ह्यो उलटा ई बघ. तोंड अर्धं उघडायचं आन् सोडून द्यायचं. र लिवलाय खरा, पर बोलायचा न्हाय.”

“मग लिवलाय कशाला?”

“सायबाला इचार.”

माझी नात परवा हाच शब्द मोबाईलला विचारत होती. मोबाईलमधली बाई तो इतका सलग म्हणाली की पहिला तुकडा आणि दुसरा तुकडा यांच्यात तिला कुठंच पाय ठेवावा लागला नाही. नात म्हणाली, आजी, तू फार ठोकून बोलतेस. म्हटलं, बाई गं, मला तो ठोकूनच मिळालाय.

मग चौकोनी कंस. काकांनी चष्मा पुसला. त्यांना तेवढी बारीक अक्षरं लागायची नाहीत, म्हणून मी एक-एक अक्षर वाचायची आणि ते त्याचा अर्थ पुढच्या-मागच्या पानांतून जुळवत बसायचे. फ्रान्सातून आलेला. त्याआधी लॅटिन. मेम्ब्रुम. अर्थ दिला होता तो ‘एल’मध्ये जाऊन शोधावा लागला, आणि तो निघाला हात-पाय. अवयव. अंगाला जोडलेलं काहीही. काकांनी डिक्शनरी मांडीवर ठेवली. मग स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाले, “म्हंजे मेंबरं आधी अंगाची व्हती. सभेची मागनं झाली.”

चुलीपुढं मावशी भाकरी थापत होती. थाप न थांबवता तिनं विचारलं, “मंग आपुन कशाचं बोट हावोत?”

काकांनी पानं मागं-पुढं केली. “बिगर-मेंबर म्हणून शब्द ह्यात दिलेला न्हाय,” ते म्हणाले.

पुढं काही दिवसांनी मला ‘डी’मध्ये आणखी एक सापडला. डिस्-मेम्-बर. तीन पावलं. अर्थ, अवयव तोडून वेगळे करणं. मी पळत जाऊन काकांना दाखवला. ते म्हणाले, “ह्यो आपल्या डेअरीवरचा.”

उन्हाळा जसा चढला तसं गावचं दूध पातळ व्हायला लागलं. जनावरं आटली होती, घरोघरची मापं कमी भरत होती, आणि कमी भरलेलं माप भरायला एकच वस्तू असते. बब्रुवानची नळी गावच्या दुधात ते बघून न बघितल्यासारखं करायची. गावच्या टाकीत टँकरचं पाणी आधी पडायचं, आमच्याकडं टँकर शेवटी यायचा आणि बहुतेक वेळा तळाचा खळखळाट घेऊन. लोक पुढं म्हणायला लागले की बौद्धवाड्याची माणसं फार इमानदार. मी कधीही त्याला मान डोलावली नाही. आमच्याकडं दुधात घालायलासुद्धा पाणी नव्हतं, एवढंच त्यातलं खरं.

तर एक दिवस गाडीवाल्या शौकतभाईनं कॅन परत आणले. रिकामे नव्हे, भरलेले. मी आणि मावशी खालच्या पायरीपाशी उभ्या होतो. शौकतभाई ओट्यावर चढला आणि सगळ्यांदेखत बब्रुवानला म्हणाला, “क्या सेक्रेटरी! तुमच्या गावात एकीच कॅन दुधाचा है. बाकी सब तळ्याचं पानी. वहां साहब बोले, उद्या असंच आलं तर गाडीच बंद करतो.”

“एक कंचा चांगला निघाला?” बब्रुवाननं विचारलं.

शौकतभाईनं हनुवटीनं लाल चिंधीकडं दाखवलं.

आता विचार केला की मला त्यातली गंमत कळते. सगळं दूध एकत्र केलं असतं तर कुणाचं पातळ आणि कुणाचं घट्ट हे केंद्रावर कधीच कळलं नसतं. त्यांनीच आमचं दूध वेगळं ठेवलं, चिंधी बांधून खूण केली, रोज न चुकता जपलं, आणि त्या खुणेनं त्यांचंच पाणी उघडं पाडलं. त्या दिवशी मात्र मला गंमत-बिंमत काही कळली नाही. मावशी घरी येईपर्यंत हसत होती आणि मला तिच्या हसण्याची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच टँकर आला म्हणून मावशी रांगेला गेली. काका ड्युटीवर. दूध घेऊन मी एकटीच गेले. रोजच्यासारखी शेवटी थांबले, खालच्या पायरीवरचा कॅन शोधायला लागले, तर कॅन नव्हता. ओट्यावर गावच्या कॅनांपाशी सोसायटीचे चेअरमन स्वतः खुर्ची टाकून बसलेले. एवढ्या सकाळी त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. बब्रुवाननं पुढं होऊन मोठ्या कॅनचं झाकण उघडलं. आत निळसर दूध होतं, कॅनचा तळ दिसेल इतकं पातळ.

“ये गं पोरी, वर ये,” चेअरमन म्हणाले. अगदी गोड आवाजात. “आजपासनं भेदभाव बंद. ओत ह्याच्यात.”

मी ओट्यावर पाय ठेवला. त्याआधी कधी ठेवला नव्हता. मला सांगायला संकोच वाटत नाही, मला बरं वाटलं. हातात दुधाची कासंडी होती, समोर कॅनचं तोंड होतं, मागं सखूबाईची सून तिची कासंडी घेऊन माझ्याकडं बघत उभी होती. ओतलं असतं तर सगळं नीट झालं असतं. मावशीचं दूध गेलं असतं, वरच्या ओट्यावरून गेलं असतं, मी कुणाला जड झाले नसते. मी कासंडी कलती केली. आणि तशीच धरून विचारलं, “मग मावशी मेंबर झाली का?”

“ते बघू की मागनं. आधी ओत.”

“फॉर्म?”

बब्रुवान म्हणाला, “फॉर्म संपल्यात.”

चेअरमन हसले. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती, त्यांच्याकडं बघून म्हणाले, “मेंबर व्हायचंय म्हणं! मेंबर म्हंजी काय, ठाव हाय का गं तुला?”

मी म्हणाले, “हात. पाय. बोट.”

असा हशा पिकला की कॅनवरच्या माश्या उडाल्या. कुणीतरी म्हणालं, “नाक सांगायचं ऱ्हायलं बग!” दुसरा म्हणाला, “चेअरमन, तुमी सोसायटीचं नाक, आन् ह्यो बब्रुवान कान.” “मग शेपूट कोण?” बब्रुवान स्वतःही हसत होता. लॅटिन, रोम, चौकोनी कंस, यातलं मी काहीही बोलले नाही, आणि बोलले असते तरी ते आणखी हसले असते. शब्दाच्या मुळानं त्या ओट्यावर कुणाचा केसही वाकडा झाला नाही. पण ते हसत होते तोवर एक झालं. माझी कासंडी सरळ झाली. ती मी ठरवून केली की हाताला भार झाला म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, “आमचा कॅन द्या. न्हायतर फॉर्म द्या.”

हसणं थांबलं. चेअरमन उठून उभे राहिले. “कुठली गं तू? लोहाऱ्याची ना? पाव्हणी हायस, पाव्हणीसारखी ऱ्हा. तुझ्या मावशीचं दूध उद्यापासनं घ्यायचं का न्हाय, ते म्या ठरवतो.”

मी भरल्या कासंडीनिशी दोन्ही पायऱ्या उतरले. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. पण मागून पावलं येत होती, ती सखूबाईच्या सुनेची. तिचीही कासंडी भरलेलीच होती.

मी घराच्या वाटेला लागले. डोक्यात दादांचं वाक्य होतं. दुष्काळात, परक्या घरचं दूध, घरच्या माणसाला न विचारता मी परत घेऊन चालले होते. ऊन वर आलं होतं. अर्ध्या दिवसात ते नासलं असतं. मी मनात कपड्यांची पिशवीसुद्धा भरली, आणि कुठल्या एसटीत बसायचं तेही ठरवलं. मावशी घागर घेऊन वाटेतच भेटली. माझ्या हातातली कासंडी बघून थांबली. मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मावशी, मी जाते लोहाऱ्याला. तुमाला जड झाले.”

तिनं घागर खाली ठेवली. पदर खोचला. मला वाटलं, आता माझी पाळी.

“तुमाला म्हणलीस व्हय पुन्यांदा?” ती म्हणाली. मग कासंडीत वाकून बघितलं. “सांडलं न्हाय ना? चल. आज पोरांना खीर करू.”

त्या दिवशी बौद्धवाड्यातली पोरं दूध प्याली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. ज्या घरांत जनावर होतं त्या घरातल्या पोरांनीसुद्धा दूध नुसतं जाताना बघितलेलं होतं. सखूबाईनं तांदळाच्या कण्या दिल्या, काकांचा काळा गूळ होता, आणि मोठ्या पातेल्यात ती करड्या रंगाची खीर शिजली. भिंतीवर बसून मला हसणारी पोरं वाट्या घेऊन रांगेत उभी होती. संध्याकाळचं दूधही कुणी नेलं नाही. मावशी घरोघर फिरली नाही, तिनं कुणाला शपथ घातली नाही. सखूबाई एवढंच म्हणाली, “परक्या गावची पोर परत फिरली, आन् आमी जाऊन ओतावं व्हय?” काका ड्युटीवरून आले, सगळं ऐकलं, वाढ्याचा भारा उतरवला आणि मला म्हणाले, “अटेन्शन!” मी उभी राहिले. त्यांनी मला सॅल्यूट केला. मग लगेच काळजीनं म्हशीकडं बघितलं. दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या, आणि मला दोन्ही आठवतात.

पुढचे काही दिवस वाईट गेले. खीर एकदा गोड लागते. मग दह्याची पातेली, ताकाची पातेली, तूप काढू म्हटलं तर सरपण नाही. दूध विकून येणारा किराणा थांबला. दुकानदारानं मावशीला ओळख दिली नाही. चेअरमनचा एक माणूस येऊन सांगून गेला की टँकरही बंद होऊ शकतो. मावशीनं त्याला पाणी विचारलं. तो नको म्हणाला. ती म्हणाली, “मग बंद काय करतुस? तू तर आमचं पीतबी न्हाईस.” रात्री ती नीट झोपत नव्हती हे मला तिच्या कूस बदलण्यावरून कळायचं. मला वाटायचं, आता उठून म्हणेल, जा बाई उद्या आणि ओतून ये. ती म्हणाली नाही. मी ज्या-ज्या गोष्टींसाठी माणसांची आयुष्यभर ऋणी आहे त्यांत हे न म्हणणं सगळ्यात वर आहे.

तिकडं आमचं घट्ट दूध मिसळायला न मिळाल्यानं गावाचे कॅन रोज परत येत होते. शौकतभाईनं शेवटी सांगून टाकलं, परवापासून गाडी नाही. त्याच दुपारी बब्रुवान आमच्या वाड्यात आला. काखेत कागदांची गुंडाळी. अंगणाबाहेर उभा राहूनच म्हणाला, “गयाबाई, फॉर्म घावले.”

“कुठं व्हते?”

“कपाटाच्या मागं पडल्याले.”

“लई खोल कपाट हाय तुमचं.”

वाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बब्रुवाननं घाम पुसला आणि म्हणाला, “नवऱ्याचं नाव सांगा, भरून टाकतो.”

“नवऱ्याचं कशाला? म्हस काय नवरा पिळतोय?”

काका गोठ्यातून म्हणाले, “मला शिवूबी देत न्हाय ती.”

“बाईच्या नावानं आपल्यात पद्धत न्हाय, गयाबाई.”

“आपल्यात?” मावशी म्हणाली. “आजपसनंच आपल्यात झाले का मी? मग पद्धत बी आजपसनं.”

सहा बायांची नावं लागली. मावशीनं सही केली, काकांनी शिकवलेली, एक-एक अक्षर सुटं. लाल चिंधी तिनं स्वतः सोडली आणि बब्रुवानच्या हातात दिली, “धुऊन घ्या, कामाला येईल.” दुसऱ्या सकाळी आम्ही वरच्या ओट्यावरून दूध ओतलं. गावातल्या चार-पाच घरांनी त्या दिवशी नाक मुरडून आपलं दूध आणलं नाही. मग त्यांना आठवलं की गाडी एकच येते. पेंड मिळाली, पहिल्या खेपेला कमी, भांडून पूर्ण. शीतकरण केंद्रावर दूध पास झालं. आणि मला कुणी लोहाऱ्याला पाठवलं नाही. पुढं माझं लग्नसुद्धा त्याच दारातून झालं, आणि नाशकात आल्यावरही मी माहेर म्हणताना कधी-कधी आधी वाशीच सांगते.

पाऊसपाणी झाल्यावर सोसायटीची वार्षिक सभा भरली, शाळेच्या व्हरांड्यात. सभेला बाया कधी जात नव्हत्या. मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून गेली, मला बरोबर घेऊन, आणि सतरंजीवर अगदी पुढं बसली. तिच्या आजूबाजूची जागा आपोआप मोकळी झाली, तशी ती आणखी ऐसपैस बसली. चेअरमनचं भाषण झालं. ताळेबंद वाचला गेला, कुणी ऐकला नाही. शेवटी बब्रुवाननं ठराव वाचला. दुष्काळाच्या कठीण काळात भेदभाव न करता सर्वांना बरोबर घेऊन संस्था उत्तम चालवल्याबद्दल ही सभा मा. चेअरमनसाहेबांचं अभिनंदन करते. मागून “मंजूर, मंजूर” असा गलका झाला, टाळ्या वाजल्या, आणि चहाची किटली बाहेरून आत आली.

मावशीनं हात वर केला.

“काय झालं, गयाबाई?” बब्रुवाननं विचारलं. “चहा येतोय.”

“मला नामंजूर.”

टाळ्या हळूहळू बंद पडल्या. चेअरमन हसून म्हणाले, “असू द्या हो, अभिनंदनाचा ठराव हाय, त्याला कोण इरोध करतंय?”

“मी करतीया. मेंबर हाय मी.”

“हात खाली घ्या,” बब्रुवान कुजबुजला. “सर्वानुमते म्हणून आधीच लिवून ठेवलंय.”

“मग खोडा. आन् लिवा, इरोधात एक. खाली माझं नाव.”

बब्रुवाननं चेअरमनकडं बघितलं, चेअरमननी छताकडं बघितलं. किटलीवाला कपांत चहा ओतता-ओतता थांबला होता. मग बब्रुवाननं खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं, झटकलं, आणि लिहायला लागला. त्याचं लिहून पुरतं होईपर्यंत मावशीनं हात खाली घेतला नाही.